‘मुख्य अर्जदार’ कोण?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. नंतरच्या चर्चेत विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरे मजकुरातच घेतली आहेत.)



आजच्या सत्राचा विषय कळल्यावर दोघी-तिघींनी मला विचारले, “परदेशी शिकायला जाणे हा आपला विषय कसा? हा तर पैसेवाल्यांचा प्रश्न.” काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. पण आज तालुक्याच्या गावातही एसटी स्टँडसमोर ‘कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया’ अशा पाट्या लागल्या आहेत. तिथे शिकायला जाणारी सगळी मुले-मुली श्रीमंत घरची नसतात. कुणाच्या बापाने दोन एकर विकलेले असतात, कुणी घर गहाण टाकलेले असते. आणि मग त्या घरातली सून, लेक, बायको आपल्या समुपदेशन केंद्राची पायरी चढते, तेव्हा आपल्याला काहीच ठाऊक नसते.

असे आमच्या बाबतीत एकदा घडले. तिथूनच सुरुवात करते.

२०२३ साली एक मुलगी आमच्याकडे आली. शिक्षण बी. फार्म. लग्नानंतर नवऱ्याने कॅनडात दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि त्याची पत्नी म्हणून तिला कामाचा परवाना मिळाला. तो वर्गात, ती रात्रपाळीला मालाच्या गोदामात. त्याची दुसऱ्या वर्षाची फी तिच्या पगारातून गेली. मारहाण सुरू झाली तेव्हा तो एकच वाक्य म्हणायचा, “तू इथे माझ्या जिवावर आहेस. एक फोन केला की तुझा व्हिसा रद्द.” ती घाबरली, माहेरी फोन केला, माहेरच्यांनी आम्हांला विचारले. आम्ही काय सांगितले? “बाई, परत ये. इथे आलीस की बघू.” ती परत आली. केस इथे चालू आहे. पण तिचे काम गेले, साठवलेले पैसे गेले, आणि तिच्या पगारावर शिकलेला नवरा तिथेच राहिला.

नंतर आम्हांला कळले की त्याची धमकी खोटी होती. नवऱ्याच्या एका फोनने बायकोचा कामाचा परवाना रद्द होत नाही. तो सहसा त्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत चालतो, अडचण येते ती नूतनीकरणाच्या वेळी. आणि त्यासाठीही तिथे वाट आहे. २६ जुलै २०१९ पासून कॅनडा सरकार कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या परदेशी व्यक्तीला तात्पुरत्या वास्तव्याचा खास परवाना देते. तो किमान सहा महिन्यांचा असतो, त्याला फी नाही, सोबत कामाच्या परवान्यासाठीही अर्ज करता येतो. आम्हांला हे ठाऊक असते तर आम्ही तिला “परत ये” म्हणण्याआधी “तुला काय हवे आहे?” असे विचारले असते. त्या चुकीची भरपाई म्हणून आम्ही हा विषय शिकायला बसलो.

शिडीच्या पायऱ्या

एजंट म्हणतो, “शिकायला जा, दोन वर्षांनी नोकरी, मग पीआर.” पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क. ऐकताना वाटते की हा एकच रस्ता आहे, एकदा पाऊल टाकले की पोहोचलोच. प्रत्यक्षात ही शिडी आहे, आणि एक पायरी चढल्याने पुढची मिळेलच याची हमी कुठेच लिहिलेली नाही. कॅनडाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच केसेस तिथल्या आहेत.

पहिली पायरी शिक्षणाच्या परवान्याची. कॉलेजची फी आणि विमानभाडे सोडून, वर्षभर राहण्या-जेवण्याचे पैसे आपल्याकडे आहेत हे दाखवावे लागते. ही रक्कम बरीच वर्षे १०,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर. सत्र चालू असताना बाहेर काम करण्याची मुभा नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तासांची आहे. तेवढ्या कमाईत फी निघत नाही, हे घरच्यांना आधीच समजले पाहिजे.

दुसरी पायरी शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याची. तो आयुष्यात एकदाच मिळतो. अभ्यासक्रम निदान आठ महिन्यांचा हवा. दोन वर्षांचा असेल तर परवाना तीन वर्षांपर्यंतचा. पण प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थ्याला तो मिळतोच असे नाही. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खाजगी संस्थेत शिकवण्याचे जे दुकान चालले होते, त्यात नव्याने शिकणाऱ्यांना मे २०२४ पासून हा परवाना बंद झाला. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली आणि कॉलेजच्या डिप्लोमांसाठी विषयाचीही. म्हणजे प्रवेश मिळाला, फी भरली, पदविका हातात आली, तरी कामाचा परवाना नाही असे होऊ शकते.

तिसरी पायरी अनुभवाची. पीआरसाठी जो ‘कॅनडातला अनुभव’ धरतात तो कौशल्याच्या कामाचाच हवा, एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा. हॉटेलच्या काउंटरवर, दुकानाच्या गल्ल्यावर, कुणाच्या घरी मूल सांभाळण्यात घालवलेली वर्षे यात धरत नाहीत. पूर्ण वेळ शिकत असताना केलेले कामही नाही.

चौथी पायरी गुणांची. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण असतात आणि सरकार वेळोवेळी जास्त गुणांच्या माणसांना बोलावते. किती गुण पुरतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मालकाकडून नोकरीचे पत्र आणले तर जादा गुण मिळत, ते मार्च २०२५ पासून बंद झाले, कारण अशा पत्रांसाठी लागणाऱ्या कागदांचा चक्क बाजार मांडला गेला होता.

हे सगळे नियम दोन वर्षांत इतके बदलले की २०२२ साली जो सल्ला बरोबर होता तो आज नुकसानीचा आहे. आणि एजंटच्या छापील पत्रकात अजून जुनाच सल्ला असू शकतो.

नियम सगळ्यांना सारखे, पण

कायद्यात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे वेगळे रकाने नाहीत. तरीही ही शिडी बाईला वेगळी पडते. कशी ते पाहू.

वयाचे गुण वीस ते एकोणतीस या वर्षांत सर्वांत जास्त. तिशीनंतर दर वर्षी घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. आपल्या मुलींची ही नेमकी लग्नाची, बाळंतपणाची वर्षे. मूल शाळेत जाऊ लागल्यावर, पस्तिशीत एखादी बाई पुन्हा शिकायला उभी राहते, तेव्हा तिचे बरेच गुण गेलेले असतात. ऑस्ट्रेलियाने तर जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याला बहुतेकांसाठी पस्तीस वर्षांची मर्यादाच घातली. त्याआधी ती पन्नास होती.

बाळंतपणाचे तसेच. शिक्षणानंतरचा परवाना तीन वर्षांचा, तो बाळंतपणासाठी थांबत नाही. रजेचा काळ अनुभवात धरला जात नाही. शिवाय ओंटारिओसारख्या प्रांतात शिक्षणाच्या परवान्यावर असणाऱ्यांना सरकारी आरोग्यविमा नाही. खाजगी विम्यात बाळंतपण धरले आहे की नाही, हे जाण्यापूर्वी वाचून घ्यावे लागते. किती मुलींना हे कुणी सांगते?

मग कर्जाचा प्रश्न. आपल्याकडे साडेसात लाखांपेक्षा जास्त शैक्षणिक कर्ज घ्यायचे तर बँका साधारणपणे तारण मागतात आणि सहकर्जदार लागतोच. जमीन कुणाच्या नावावर? बापाच्या, भावाच्या, सासऱ्याच्या. म्हणजे मुलीच्या शिक्षणाच्या निर्णयावर शेवटची सही पुरुषाची. मुलगा जायचा असेल तर सातबारा बाहेर निघतो. मुलगी म्हणाली तर “त्यापेक्षा लग्न करून देतो, नवऱ्याबरोबर जा” असे म्हणतात. मालमत्तेतल्या वाट्यासाठी आपण इतकी वर्षे भांडतो आहोत. त्या वाट्याचा शिक्षणाशीही असा थेट संबंध आहे.

हे नवे नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, परीक्षेत वर आल्या, पण इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. वर्गणीच्या पैशावर त्या १८८९ साली ऑक्सफर्डला पोहोचल्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचे पुतळे आपण उभारतो, आणि आपल्या घरातल्या मुलीला एकटीला पाठवायचे म्हटले की पाय मागे घेतो.

बँडचा हुंडा

पंजाबात या प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. तिथे इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत चांगले बँड मिळवणाऱ्या मुलींसाठी स्थळे येऊ लागली. करार असा की मुलीच्या परदेशी शिक्षणाचा आणि लग्नाचा खर्च मुलाकडचे करणार, ती विद्यार्थी म्हणून पुढे जाणार आणि मागाहून नवऱ्याला बोलावून घेणार. वर्तमानपत्रांत तर ‘बँड असलेली वधू पाहिजे’ अशा जाहिराती आल्या.

वरवर पाहता हुंडा उलटा फिरला असे वाटते. पण नीट पाहा. मुलीची बुद्धी, तिचा अभ्यास याची किंमत ठरली ती एका कुटुंबाला परदेशी पोहोचवण्याचे वाहन म्हणून. तिने तिथे गेल्यावर नकार दिला, लग्न टिकले नाही, की “पळून गेलेल्या नवऱ्या” म्हणून बातम्या आल्या. पोलिसात तक्रारी झाल्या. ज्या घरांनी जमिनी विकल्या त्यांचे नुकसान खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण परदेशात पळून जाऊन बायकोला टाकणाऱ्या नवऱ्यांच्या किती केसेस आपण पाहिल्या? तेव्हा इतका गहजब कधी झाला होता का?

आता ही वाटही जवळजवळ बंद झाली आहे. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा खुला परवाना मिळे. मार्च २०२४ मध्ये तो पदव्युत्तर, संशोधन आणि काही व्यावसायिक पदव्यांपुरता ठेवला. २१ जानेवारी २०२५ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमही निदान सोळा महिन्यांचा हवा. दोन वर्षांच्या डिप्लोमावर जोडीदाराला हा परवाना मिळत नाही. इंग्लंडनेही जानेवारी २०२४ पासून संशोधन वगळता बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्याची बंदी केली. तेव्हा “तू पुढे जा, मी येतोच” किंवा “मी पुढे जातो, तू ये” या शब्दांवर लग्न ठरत असेल तर आधी अभ्यासक्रमाचे नाव विचारा.

अवलंबितेचे कागद

प्रत्येक देशाच्या अर्जात एक ‘मुख्य अर्जदार’ असतो, बाकीचे त्याच्यावर ‘अवलंबित’. आपल्या घरात कुटुंबप्रमुखाचा जो रकाना रेशनकार्डावर होता, तोच हा. अमेरिकेत नवरा नोकरीच्या व्हिसावर आणि बायको त्याच्या आधाराच्या व्हिसावर, अशा हजारो शिकलेल्या बायकांनी वर्षानुवर्षे घरात बसून काढली. २०१५ साली त्यांतल्या काहींना काम करण्याची परवानगी मिळाली, तीही नवऱ्याचा ग्रीनकार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोहोचला असेल तरच. जर्मनीत पत्नीला स्वतःचा स्वतंत्र वास्तव्याचा हक्क मिळायला तिथे तीन वर्षे एकत्र संसार झालेला असावा लागतो. हिंसाचारासारख्या कारणासाठी ही अट शिथिल होते, पण ते मांडावे लागते, सिद्ध करावे लागते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिकांना तिकडे मागणी आहे, तेव्हा उद्या त्याही केसेस आपल्याकडे येतील.

कॅनडाबाबत दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्तीने पाठ कराव्यात.

पहिली. बायकोच्या हातात एकदा पीआर पडला की तो तिचा स्वतःचा. २०१२ साली तिथल्या सरकारने काही प्रायोजित जोडीदारांवर अशी अट घातली होती की दोन वर्षे एकत्र राहिले नाही तर हक्क जाईल. स्त्री-संघटनांनी ओरडून सांगितले की यामुळे बायका मार खात घरात अडकतात. एप्रिल २०१७ मध्ये ती अट रद्द झाली. आता खरेखुरे लग्न नंतर मोडले एवढ्या कारणाने तिला कुणी हाकलू शकत नाही.

दुसरी, आणि ही इथे मागे राहिलेल्या बायकांसाठी. पीआरच्या अर्जात नवऱ्याने बायको-मुलांची नावे लिहिणे बंधनकारक आहे, मग ती सोबत जाणार असोत वा नसोत. ज्याने ‘अविवाहित’ लिहिले, त्याला नंतर त्या बायकोला प्रायोजित करून नेता येत नाही, अपवाद थोडे. आमच्याकडे दोन बायका अशा आल्या की नवरा “कागद चालू आहेत” म्हणत चार-चार वर्षे टोलवत होता. अर्जात तिचे नाव आहे का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारायलाच सांगितला नव्हता. अर्ज भरतानाच तिने प्रत मागितली पाहिजे. नवरा प्रत देत नसेल तर तेच पुरेसे उत्तर समजावे.

मग काय करायचे?

मुलींना जाऊ नका म्हणायला मी उभी नाही. आमच्याच वस्तीतली एक मुलगी तीन वर्षांपूर्वी गेली. घरच्यांनी म्हटले, आधी साखरपुडा तरी कर. ती म्हणाली, “परवाना माझ्या नावाचा, कर्जही माझ्या नावाचे, मग बाकीचे नंतर.” आज ती तिथे बालशाळेत शिक्षिका आहे. हे काम कौशल्याचे धरले जाते, हे तिने जाण्याआधी शोधून काढले होते. पीआर अजून मिळालेला नाही, मिळेलच असेही नाही. पण हप्ते ती स्वतः भरते, आणि उद्या परत यावे लागले तर कुणाची परवानगी तिला लागणार नाही. एवढे ज्या बाईच्या हातात आहे, ती कुठेही असो, तिला मी मोकळी म्हणेन.

आपल्या केंद्रांना करता येतील अशा काही गोष्टी सांगते.

एक, एजंटची चौकशी. आपल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते ती नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्यांना. शिक्षणाचा सल्ला विकणारे बहुतेक त्यातून सुटतात. कॅनडात मात्र पैसे घेऊन सल्ला देणारा वकील किंवा तिथल्या सल्लागारांच्या महाविद्यालय नावाच्या नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो, आणि त्या यादीत नाव तपासता येते. २०२३ साली खोट्या प्रवेशपत्रांवर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना हद्दपारीच्या नोटिसा आल्या. पत्र बनवले एजंटने, शिक्षा भोगली मुलांनी. तेव्हा प्रवेशपत्र आल्यावर कॉलेजला स्वतः लिहून खात्री करावी.

दोन, कागद तिच्या हातात. पासपोर्ट, परवाना, विवाह-नोंदणीचा दाखला, पदव्या, कर्जाचे करारपत्र यांच्या प्रती तिच्याकडे आणि माहेरी असाव्यात. तिथल्या बँकेत तिचे वेगळे खाते असावे. पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होत असेल तर ती पहिली धोक्याची खूण.

तीन, मुख्य अर्जदार कोण हा प्रश्न घरात मोठ्याने विचारणे. नवरा-बायको दोघे पात्र असतील तर गुण कुणाचे जास्त हे मोजून अर्ज करता येतो. कित्येकदा बायकोचे जास्त भरतात, पण “घरचा माणूस तो” म्हणून अर्ज त्याच्या नावाने जातो.

चार, पैशाचे दुसरे मार्ग. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा आहेत, त्यांतल्या तीस टक्के स्त्रियांसाठी. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो. तिच्याबरोबर अर्जाची तारीखही सांगितली पाहिजे. जागा थोड्या आहेत, त्या वाढवून मागणे हे आपले काम.

पाच, संकटात कुठे जायचे. कॅनडात ९११. शहरोशहरी बायकांची निवारागृहे आहेत, तिथे परवान्याची मुदत संपलेली बाईसुद्धा जाऊ शकते. मालकाने छळले, तर एका मालकाशी बांधलेल्या परवान्यावरच्या कामगाराला जून २०१९ पासून खुला परवाना मागता येतो. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे.

शेवटी एक गोष्ट. आपण हे सगळे नियम शिकू, पण त्यांत अडकून पडायचे नाही. आज कॅनडाने एक दार उघडले, उद्या बंद केले, परवा जर्मनी उघडेल. हे देश आपल्या गरजेप्रमाणे माणसे घेतात आणि गरज सरली की नियम बदलतात, मधल्या काळात फी मात्र पुरती वसूल होते. तेव्हा केंद्रात येणाऱ्या मुलीला “जा” किंवा “जाऊ नको” असे सांगणे आपले काम नाही. तिच्यासमोर चार प्रश्न ठेवायचे. परवाना कुणाच्या नावाचा? कर्ज कुणाच्या नावाचे? पगार कुणाच्या खात्यात? आणि उद्या मनाविरुद्ध झाले तर परतीचे तिकीट कुणाकडे?

आणि ती तिकडून रडत फोन करेल तेव्हा लगेच “परत ये” म्हणायचे नाही. आधी विचारायचे, “सुरक्षित आहेस का? तुला काय हवे आहे?” आम्ही त्या मुलीला हे विचारले नव्हते. तुम्ही विचारा.